रूळ गेले, पट्टी तरी राहू द्या

बार्शी लाईट ही आपल्याकडची अरुंद रुळांची (नॅरोगेज) रेल्वे उभी करणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने इंग्लंडमध्येही एक छोटी रेल्वे बांधली होती. स्टॅफर्डशायर परगण्यातली ही ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ लाईन १९०४ साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर बार्शी लाईटइतकंच, अडीच फूट. इंजिनंही बार्शीच्या इंजिनांवरून बेतलेली, पुढे हिंदुस्थानी थाटाचा मोठा दिवा लावलेली. लाईन जेमतेम तेरा किलोमीटरची, उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या एका नदीच्या काठाने जाणारी. गावोगावचं दूध वाहून नेणं हा तिचा मुख्य धंदा होता. दुधाचा धंदा हातचा गेला आणि १९३४ मध्ये लाईन बंद पडली. रूळ उचलले गेले आणि त्यांच्याखालची जमिनीची रिकामी पट्टी रेल्वे कंपनीने परगण्याच्या कौन्सिलला देऊन टाकली. १९३७ मध्ये त्या पट्टीवर लोकांसाठी पायवाट खुली झाली. ती आजही वापरात आहे. चालणारे आणि सायकलवाले तिच्यावरून जातात, आणि एका टप्प्यात मोटारींचा रस्ताही तिच्यावरूनच जातो.

बार्शी लाईटचं तसं झालं नाही, आणि ते बरंच झालं. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागलेली ही गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला. आपली लाईन मेली नाही, मोठी झाली. पण मोठी होताना तिने वाट थोडी बदलली. नॅरोगेजच्या काळात धाराशिव शहरात रेल्वे नव्हती, तिथल्या माणसाला गाडीसाठी येडशी गाठावी लागे. ब्रॉडगेज करताना लाईन धाराशिवला वळवून घेतली. जिथे नव्या रुळांनी जुनी वाट सोडली, तिथे जुना भराव, त्याच्याखालून पाणी जाण्याच्या जुन्या मोऱ्या आणि रेल्वेची अरुंद पट्टी मागे राहिली.

अशा पट्ट्यांचं काय करायचं, हा या लेखाचा विषय. जगभर त्याचं एक उत्तर रुळलेलं आहे: रूळ उचललेल्या जागेवर मुरूम टाकायचा, पूल नीट करायचे आणि ती वाट चालणाऱ्यांसाठी, पळणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी, काही ठिकाणी घोड्यांसाठीही खुली करायची. स्पेनमध्ये १९९३ पासून असा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात एकच सलग वाट जवळजवळ ३८५ किलोमीटरची आहे. ऐकायला सोपं वाटतं, प्रत्यक्षात जमीन, पाणी, कायदा आणि शेजारपाजार या सगळ्यांचा गुंता त्यात आहे. तो मराठवाड्याच्या मातीवर ठेवून सोडवून बघू.

आधी रागाचं कारण

मराठवाड्यात ‘रेल्वेच्या जागेवर फिरायची वाट करू’ असं म्हटलं की पहिली प्रतिक्रिया रागाची येते, आणि तो राग रास्त आहे. अहिल्यानगर-बीड-परळी लाईन नव्वदच्या दशकात मंजूर झाली. बीड शहराला प्रवासी गाडी दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात एक पिढी मोर्चे काढून आणि निवेदनं देऊन म्हातारी झाली. अशा लोकांना ‘रेल्वे नाही, सायकल चालवा’ असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

म्हणून पहिली गोष्ट स्वच्छ करून घेतो. चालू लाईन बंद करून, किंवा ज्या मार्गावर लोक गाडी मागत आहेत तिथे, वाट करायची ही कल्पनाच नाही. जिथे रूळ आधीच उचलले गेले आहेत, तेवढ्यापुरताच हा विषय आहे. आणि तिथेसुद्धा वाट हे मला दुय्यम वाटतं. खरी मोलाची आहे ती पट्टी. सलग, न तुटलेली, सरकारी मालकीची.

पट्टीचं मोल काय असतं ते लातूरने २०१६ मध्ये पाहिलं आहे. मांजरा धरण कोरडं पडलं, नळाला पाणी येईना, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर, हा मार्ग मुळात बार्शी लाईटनेच आखलेला. कापूस आणि वारकरी नेण्यासाठी ज्यांनी तो आखला, त्यांच्या ध्यानीमनीही पाण्याची गाडी नसणार. शंभर वर्षांनी कशाला उपयोग होईल हे कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच पट्टी मोडायची नसते.

मोडते मात्र सहज. कालव्याचं जसं असतं तसंच हे आहे: मध्ये एकाने फोडला की टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी नाही, मग वरचा वीस किलोमीटर कालवा कितीही धड असो. रेल्वेच्या पट्टीतला शंभर मीटरचा तुकडा गेला की अलीकडची आणि पलीकडची पट्टी निव्वळ दोन लांबोळकी रानं उरतात. ती पुन्हा जोडायची तर नव्याने भूसंपादन आलं, म्हणजे कोर्टकचेऱ्या आल्या आणि बीडसारखं तीस वर्षं वाट बघत बसणंही आलं.

पट्टी तुटते कशी

याची सगळ्यात मोठी कारणं दोन, आणि दोन्ही शेतकऱ्याच्या नजरेतून पाहिली तर समजतात.

पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं: बांध कोरणं. पाणंद रस्त्यांचं काय झालं ते आपण बघतोच. नकाशावर तेहतीस फुटांची पाणंद असते, जागेवर बैलगाडीही जात नाही. दर पेरणीला नांगराचं एक तास आत सरकतं आणि दहा-पंधरा वर्षांत रस्ता गायब होतो. मग तहसीलदाराकडे अर्ज, मामलेदार कोर्ट कायद्याखाली सुनावणी, पोलीस बंदोबस्तात मोजणी. राज्य सरकारला पाणंद रस्त्यांसाठी वेगळी योजना काढावी लागली ती यामुळेच. ज्या वाटेवर रोज पाय पडत नाहीत ती वाट शेजारच्या रानात विरघळते. रेल्वेची पट्टी याला अपवाद नाही.

दुसरं कारण पाण्याचं. त्याकडे फार कमी लोक बघतात, म्हणून इथे जरा थांबतो.

रेल्वेचा भराव बहुतेक ठिकाणी उताराला आडवा जातो. वरच्या बाजूच्या शेतातलं पावसाचं पाणी खालच्या ओढ्याला जायचं तर भरावाखालच्या मोरीतूनच जाणार. गाडी धावत होती तोवर गँगमन दर उन्हाळ्यात मोऱ्या साफ करायचे, कारण पाणी तुंबलं तर भराव खचेल आणि गाडी घसरेल ही भीती असायची. रूळ उचलले आणि गँगमन गेले. मग मोरीच्या तोंडाशी गाळ साचतो, गाळावर वेडी बाभूळ उगवते, बाभळीत पाचट आणि प्लास्टिक अडकतं. चार-पाच वर्षांत मोरी बुजते. पुढच्या सप्टेंबरात मोठा पाऊस झाला की वरच्या शेतकऱ्याचं काढणीला आलेलं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं राहतं. तो कुणाकडे जाणार? रेल्वेचा माणूस फिरकत नाही. ग्रामपंचायत म्हणते, जागा आमची नाही. डोळ्यांदेखत पीक सडत असताना तो जेसीबी बोलावतो आणि भराव फोडून पाणी वाट काढून देतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण त्या अर्ध्या तासात सव्वाशे वर्षं दाबून घट्ट बसलेला भराव दोन तुकड्यांत गेलेला असतो.

अशा वेळी ‘अतिक्रमण’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. मोरी साफ ठेवणारा माणूस पट्टीवर हवा, हे त्यातून निघतं. वाट झाली तर तिची निगा ठेवणारं कुणीतरी असेल. शेतकऱ्याशी बोलणी करताना सर्वांत आधी हीच गोष्ट पुढे करायला हवी: वाट होवो न होवो, तुमच्या वरची मोरी पावसाळ्याआधी साफ होईल. पर्यटन, पर्यावरण हे शब्द नंतर.

ही जागा चालायला इतकी चांगली का

बैलगाडीची वाट टेकडी आली की टेकडी चढते. रेल्वेला ते जमत नाही, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं. शंभर मीटर पुढे जाताना एक मीटर चढ, एवढाही गाडीला जड जातो. त्यामुळे रेल्वेवाले उंचवटा आला की तो खोदून कटिंग करतात, खोलगट भाग आला की भराव घालतात, आणि वळणंही लांबलचक, अलगद देतात. बार्शीहून येडशीकडे येताना बालाघाटाच्या डोंगरात, रामलिंगच्या बाजूला, गाडीला घाट चढावा लागतो. पण तो चढही पायी माणसाला दम लागेल असा नसतो.

याचा फायदा कुणाला होतो? गुडघे दुखणाऱ्या आजोबांना, व्हीलचेअरवर असलेल्या माणसाला, सातवी-आठवीच्या पोरीला जी गिअर नसलेल्या सायकलवर दप्तर टाकून चार किलोमीटर शाळेला जाते. मानव विकास कार्यक्रमातून मराठवाड्यातल्या कितीतरी मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. सायकल मिळाली, रस्ता मात्र तोच राहिला, उसाच्या ट्रॅक्टरचा आणि खडीच्या हायवाचा.

दुसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर कोणताही रस्ता केला तरी तो हलतो. जुना रेल्वे भराव मात्र मुरमाचा, वर खडी, आणि वर्षानुवर्षं गाड्यांच्या वजनाने दाबलेला. रस्त्याच्या कामातला खर्चाचा आणि डोकेदुखीचा भाग म्हणजे पाया, आणि तो इथे आयता आहे.

वरचा थर मात्र नवा घालावा लागतो. रेल्वेची मोठी खडी पायाखाली सरकते, घोटा मुरगळतो, सायकल तर चालतच नाही. खडी सपाट दाबून त्यावर चांगला मुरूम, त्याच्यावर क्रशरची बारीक कच, पाणी मारून रोलर. मध्ये किंचित उंच, दोन्ही कडांना उतार, म्हणजे पाणी थांबत नाही. रुंदी तीन मीटर असली की समोरासमोरच्या दोन सायकली आणि कडेने चालणारा माणूस एकमेकांना सांभाळून जातात. सिमेंटचा मोह गावोगाव होतो. मी तो टाळावा म्हणेन. भरावाची कड खचली की सिमेंटला तडा जातो आणि त्याची दुरुस्ती गावाच्या हातात राहत नाही. मुरमाला खड्डा पडला तर चार माणसं, दोन टोपली आणि धुम्मस पुरते.

पुलांचं जरा जपून. कॅल्थ्रॉपने बार्शी लाईटवर एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ न देण्याचा नियम ठेवला होता, म्हणजे जुने पूल हलक्या गाड्यांसाठीच बांधलेले. माणसं आणि सायकली ही त्यांच्यासाठी किरकोळ गोष्ट आहे. पण दगडी खांबांचा चुना निघालाय का, लोखंड गंजलंय का, हे इंजिनिअरने तपासल्याशिवाय कुणालाही वर जाऊ द्यायचं नाही. फळ्या आणि दोन्ही बाजूंना छातीएवढे कठडे लागतात. उसाची ट्रॉली ‘एवढ्यापुरती’ त्या पुलावरून काढायला कुणी बघेल, ती शक्यता पहिल्याच दिवशी दगडी खांब रोवून बंद करायची.

एकाच वाटेवर सगळे

सामायिक वाट म्हटलं की नियम लागतात, पण ते फार नाहीत. डावीकडून चालायचं. सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यायची आणि मागून येताना घंटी वाजवायची. जनावर दिसलं की सगळ्यांनी थांबायचं, कारण बिथरलेल्या बैलाला नियम कळत नाहीत.

खरा अवघड प्रश्न मोटारसायकलचा. वाट सपाट झाली की चार दिवसांत तिच्यावर मोटारसायकली येणार, त्यात दूध घालणाराही असेल आणि उगाच रेस करणारी पोरंही. जगभर तोंडाशी खांब किंवा नागमोडी लोखंडी फाटकं लावतात. पण जे फाटक मोटारसायकल अडवतं ते दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली सायकल अडवतं, आणि व्हीलचेअर तर नक्कीच अडवतं. माझं मत असं की फाटकावर सगळा भरवसा ठेवू नये. जिथे दूधवाल्याला दुसरा रस्ताच नाही, तिथे तो रस्ता आधी नीट करून द्यावा. उरलेल्यांना गावानेच आवरायचं, आणि गावाने मनावर घेतलं तर ते होतं. दारूबंदी करून दाखवलेल्या गावांना हे नव्याने सांगायला नको.

पहाटे साडेचार-पाचला लातूर, धाराशिव, बीड, परभणी, कुठल्याही हमरस्त्यावर जा. रस्त्याच्या कडेला पोरं पळताना दिसतील. पोलीस भरती, सैन्य भरती. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर पळून दाखवायचं असतं आणि एकेका सेकंदाला गुण असतात. गावात मैदान नसतं, असलं तर त्यावर बाभळी असतात, म्हणून ही पोरं डांबरावर पळतात. अंधारात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात डोळे दिपत. डांबरावर पळून नडगीचं हाड दुखायला लागतं, तरी पळतात, कारण पुढची भरती कधी निघेल सांगता येत नाही. मुली तर बहुतेक ठिकाणी भाऊ किंवा बाप मोटारसायकल घेऊन मागे असल्याशिवाय निघत नाहीत. मुरमाची, सरळ, सपाट, गाड्या नसलेली दोन किलोमीटरची वाट आणि दर शंभर मीटरवर चुन्याने रंगवलेला दगड, एवढंच या पोरांना हवं आहे. या वाटेचं पहिलं गिऱ्हाईक हेच. मुंबई-पुण्याचा पर्यटक नंतर आला तर आनंद आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रकल्पांच्या अहवालांत पर्यटक आधी येतो. न्यूझीलंडमधल्या ओटागोचं उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते आहेही दमदार. कोरडा, मेंढरं पाळणारा प्रदेश. १९९० मध्ये तिथली रेल्वे बंद पडली, सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्याने पट्टी घेतली, स्थानिक लोकांनी ट्रस्ट काढून पैसे उभे केले आणि २००० साली सुमारे दीडशे किलोमीटरची वाट पूर्ण झाली. सायकलवाले ती तीन-चार दिवसांत पार करतात, वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, आणि ओस पडत चाललेल्या गावांत खानावळी, राहायच्या खोल्या सुरू झाल्या. सुरुवातीला तिथल्याही कितीतरी शेतकऱ्यांचा विरोधच होता.

पण एप्रिल-मेमधल्या मराठवाड्यात बेचाळीस डिग्रीत कोण सायकल चालवणार? आपल्याकडे बाहेरच्या माणसाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्या काळात जोडून बघण्यासारखं मात्र खूप आहे: येडशीचं रामलिंग आणि तिथलं अभयारण्य, तेरमधलं प्राचीन तगर नगर, त्रिविक्रमाचं मंदिर, गोरोबा काकांची समाधी, लामतुरे संग्रहालय. गावकऱ्यांसाठी केलेली वाट चांगली जमली तर पाहुण्याला आपोआप आवडते. उलट कधी होत नाही.

सावलीशिवाय मात्र इथे काहीच टिकणार नाही. कडुनिंब, करंज, चिंच लावायची, तीही भरावाच्या पायथ्याशी, माथ्यावर नाही, म्हणजे मुळं भराव फोडत नाहीत. पहिली तीन वर्षं टँकरने पाणी घालायची तयारी नसेल तर रोपं लावून फोटो काढण्यापुरतंच होईल. आणि वेडी बाभूळ तोडलीच पाहिजे. ती काट्यांमुळे नकोच आहे, पण त्याहून, दोन्ही बाजूंनी बाभळी दाटलेल्या कटिंगमधून बाई एकटी चालणार नाही. लांबवर दिसलं पाहिजे. गावालगतच्या ओसाड पट्ट्या शौचाला वापरल्या जातात हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला साफसफाई सारखी करावी लागेल, आणि पहाटेपासून माणसांची ये-जा सुरू झाली की ते कमी होईल.

जमीन कुणाची

अमेरिकेत हा प्रश्न फार पेटला. तिथे कितीतरी रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त गाडी नेण्याचा हक्क होता. गाडी बंद झाली की हक्क संपला आणि जमीन मूळ शेताच्या मालकाकडे परत. अशाने देशभरातल्या पट्ट्या तुकडे-तुकडे होऊ लागल्या. म्हणून १९८३ मध्ये तिथल्या संसदेने कायद्यात एक तरतूद घातली: रेल्वेची पट्टी तात्पुरती वाट म्हणून वापरली तर ती ‘सोडून दिली’ असं मानायचं नाही, पुढे कधी रेल्वेला गाडी सुरू करायची झाली तर वाट बाजूला होईल. पट्टी जणू ठेवीत ठेवली. १९९० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेही ही तरतूद मान्य केली. मात्र जमीनमालकांचा भरपाईचा हक्क शिल्लक राहिला.

आयर्लंडने दुसरा मार्ग काढला. वेस्टपोर्ट ते अकिल ही रेल्वे १९३७ मध्येच बंद झाली होती आणि पट्टी केव्हाच शेतकऱ्यांच्या रानात मिसळली होती. तिथल्या कौन्सिलने जमीन मागितली नाही, वाट मागितली. मालकी तुमचीच, आम्हाला फक्त लोकांना जाऊ देण्याची परवानगी द्या, कुणी पडलं-झडलं तर विम्याचा भार आमचा. शेतकऱ्यांनी दिली. २०११ पर्यंत ४२ किलोमीटरची वाट झाली.

आपली गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे. भारतात रेल्वेची जमीन सहसा संपादन करून घेतलेली, म्हणजे मालकी केंद्र सरकारची. गाडी बंद झाली म्हणून ती मूळ खातेदाराकडे जात नाही. ‘आमच्या आजोबांची जमीन होती, रूळ गेले, आता ती आमची’ असं मनापासून मानणारे लोक भेटतात. भावना समजते, कायदा तसा नाही. मात्र कायद्यालाही मुदत असते. खासगी जमिनीवर बारा वर्षं उघड कब्जा असला तर मालकाचा हक्क धोक्यात येतो. सरकारी जमिनीसाठी ती मुदत तीस वर्षांची आहे. २००८ मध्ये कुणी रेल्वेची पट्टी नांगरायला घेतली असेल तर २०३८ फार लांब नाही.

कागदांचाही एक वेगळा ताप आहे. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर-येडशी निजामाच्या राज्यात. एकाच लाईनच्या पट्टीचे जुने कागद दोन राजवटींचे. निजामाकडचे बरेचसे उर्दूत. ते वाचू शकणारी माणसं तालुक्याच्या गावात आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

ग्रामपंचायतीला रेल्वेच्या जागेवर मनाने मुरूम टाकता येत नाही, रेल्वेची परवानगी लागते. मोकळ्या जागांतून उत्पन्न काढण्यासाठी रेल्वेने स्वतंत्र प्राधिकरण नेमलेलं आहे, म्हणून शहराजवळच्या तुकड्यांवर दुकानं आणि गाळ्यांचा विचार आधी होणार. रानातून जाणाऱ्या पट्टीला तसं गिऱ्हाईक नाही, आणि तिथेच आपल्याला जागा आहे. मागणी अशी करता येईल: मालकी रेल्वेचीच राहू द्या, जिल्हा परिषदेला ठरावीक मुदतीसाठी वापरायला द्या, कायमचं बांधकाम होणार नाही, आणि उद्या तिथे गाडी न्यायची झाली तर आम्ही वाट मोकळी करून देऊ हे करारातच लिहा. अमेरिकेला जे कायदा करून मिळवावं लागलं ते आपल्याला एका कराराच्या कलमात मिळू शकतं, कारण मालक एकच आहे.

निगा कोण ठेवणार, यालाही आपल्याकडे नमुना आहे. २००५ च्या कायद्याने कालव्यांवर पाणीवापर संस्था आल्या: अनेक गावांतून जाणारी एकच लांबलचक सार्वजनिक गोष्ट, तिच्यातला आपापला टप्पा आपापल्या लोकांनी सांभाळायचा. सगळ्या संस्था धड चालल्या नाहीत. पण जिथे चालल्या तिथे टेलच्या माणसाला समितीत मान होता. वाटेच्या समितीतही पट्टीला लागून ज्यांची रानं आहेत त्यांना पहिली जागा हवी. त्यांचे प्रश्न साधे आणि खरे असतात. ‘बांधाला लागून लोक हिंडायला लागले तर विहिरीवरची मोटार आणि केबल कोण राखणार?’ ‘हरभरा ओरबाडून नेला तर?’ ‘माझं रान दोन्ही बाजूंना आहे, बैल पलीकडे न्यायचे कुठून?’ शेवटच्याचं उत्तर आधी द्यायचं: जिथे आज बैल आणि ट्रॅक्टर पट्टी ओलांडतात तिथे ओलांडणं कायम राहील, आणि तिथे थांबायचं ते वाटेवरच्याने, शेतकऱ्याने नाही. केबलचोरीचं उत्तर कागदावर देता येत नाही; पहाटे आणि संध्याकाळी माणसांचा वावर असलेल्या जागी चोर कमी धजावतो एवढं म्हणता येईल, हमी देऊ नये.

सुरुवात कुठून

आराखडा, निधी, उद्घाटन हे सगळं नंतर. आधी पट्टी किती उरली आहे ते कळलं पाहिजे. लातूर-कुर्डुवाडी मार्ग मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. आपल्या गावाच्या शिवारापुरतंच विचारावं: ब्रॉडगेज झाल्यावर जुन्या नॅरोगेजची कोणती जमीन वापरातून बाहेर पडली, तिचा हद्दीचा नकाशा, त्यातली कुठली जागा भाड्याने वा अन्य खात्याला दिली आहे का, आणि मोऱ्यांची यादी. उत्तर आलं की तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा शेजारी ठेवायचा आणि शिवारातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन पट्टी पायी चालायची. हद्दीचे दगड कुठे शाबूत आहेत, कुठे उपटलेत, कुठली मोरी बुजली आहे, कुठे भराव फुटला आहे, हे नकाशावरच लिहून काढायचं. ते चालणं मे महिन्यात करावं. रानं मोकळी असतात, दगड दिसतात, आणि पाऊस पडायच्या आत निदान बुजलेल्या मोऱ्यांची तोंडं उकरून घ्यायला रेल्वेकडे परवानगी मागता येते.